डिझेल ट्रकचं ॲव्हरेज: पंपाच्या स्क्रूला हात लावण्याआधीची कामं

ॲव्हरेज पडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: पंप (इंजिनाला डिझेल मोजून देणारा) थोडा कमी करून घ्या. सील तोडायचं, फुल-लोडचा स्क्रू थोडा मागे घ्यायचा. काळा धूर कमी होतो आणि सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. दोन खेपांनंतर चालक म्हणतो, गाडी ओढत नाही. डिझेल मात्र तेवढंच लागतं, कधी थोडं जास्तच.

असं का होतं ते आधी बघू. हा स्क्रू ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल जाईल एवढंच ठरवतो. सपाटीला अर्ध्या पेडलवर गाडी चालत असताना त्याचा संबंधच येत नाही. चढणीला येतो, पण चढणीवर माल वर न्यायला जेवढं काम लागतं तेवढं लागणारच. डिझेल अडवलं की चालक दोन गिअर खाली येतो, इंजिन चढ्या आरपीएमवर जास्त वेळ फिरतं आणि घर्षणात जास्त डिझेल जातं.

एक हिशोब लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॅट-तास उष्णता निघते. तब्येतीनं धड असलेलं इंजिन त्यातली सुमारे ४ युनिटं फ्लायव्हीलपर्यंत पोहोचवतं, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातात. म्हणजे फ्लायव्हीलवरच्या एका युनिटला पाव लिटर डिझेल. ट्यूनिंग करताना प्रश्न दोनच असतात: ही ४ युनिटं साडेतीनवर का आली, आणि मिळालेल्या चारांतलं रस्त्याला न लागता मधेच कोण खातंय.

आधी खरा आकडा काढा

डॅशबोर्डवरचा आकडा हिशोबाला धरू नका. टाकी फुल्ल करून, चालवून, पुन्हा त्याच खुणेपर्यंत फुल्ल करून काढलेला आकडाच खरा. ५६० किलोमीटर गेले आणि १४० लिटर बसले, तर लिटरला ४.

हे ऐकायला सोपं असलं तरी यात चूक सहज होते. डिझेल भरताना फेस येतो, गाडी किंचित कलती उभी असते आणि ‘फुल्ल’ म्हणजे नेमकं कुठे हे दर वेळी बदलतं. १४० लिटरमागे ५ लिटर इकडेतिकडे झाले तरी साडेतीन टक्के फरक पडतो. आपण ज्या सुधारणांच्या मागे आहोत त्या बहुतेक १ ते ४ टक्क्यांच्या असतात. म्हणून गाडी सपाट जागी उभी करा, फेस बसू द्या, आणि सारखा माल, सारखा रस्ता असलेल्या निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. एका वेळी एकच दुरुस्ती करा. टॅपेट, नोझल आणि फिल्टर एकाच दिवशी केले तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही.

टायरही हिशोब बिघडवतात. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. झिजलेला टायर लहान असतो, त्यामुळे तो जास्त फेरे घेतो आणि मीटरवर किलोमीटर जास्त पडतात. सुमारे ५०० मिमी त्रिज्येच्या टायरवर १५ मिमी झीज झाली की हा फरक ३ टक्के होतो. नवे टायर टाकल्यावर ‘ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यापुरतीच असते. जीपीएसवर ५० किलोमीटर मोजून मीटरशी ताडून घ्या.

आकडे वहीत लिहा. सोबत इंजिन ऑइलची डिपस्टिकवरची पातळीही टिपा. ऑइल कमी न होता वाढत असेल तर डिझेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय. फीड पंपाचं सील, पंपाचे झिजलेले प्लंजर किंवा गळकं नोझल यांपैकी काहीतरी गेलंय. ॲव्हरेजही पडतं आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंगंही जातात. अशा वेळी बाकीचं ट्यूनिंग बाजूला ठेवून हे आधी निस्तरा.

हवेची बाजू

पेट्रोल इंजिनासारखं डिझेल इंजिन हवा अडवून चालत नाही. ते मिळेल तेवढी हवा घेतं आणि त्यात डिझेल कमी-जास्त करतं. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं.

एअर फिल्टर डोळ्यांनी बघून ठरवू नका, रिस्ट्रिक्शन इंडिकेटर बघा. बहुतेक टर्बो इंजिनांना (टर्बो म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा) पूर्ण लोडवर सुमारे २५ इंच पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे ६३५ मिमी, अडथळा ही मर्यादा असते. इंडिकेटर लाल झाल्याशिवाय फिल्टर वारंवार काढून हवा मारण्याची सवय वाईट. प्रत्येक वेळी सील थोडं सैल होतं, धूळ आत जाते आणि लायनर घासतात. उत्पादकानं परवानगी दिली असेल तर हवा आतून बाहेर मारा, २ बारच्या आत, नळी कागदापासून वीतभर लांब धरून. मग फिल्टरच्या आत दिवा धरून अंधारात बघा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर फेकायचा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच.

टर्बोनंतरची गळती जास्त फसवी असते, कारण फिल्टर नवा असतो, टर्बो फिरत असतो आणि तरी हवा पोहोचत नाही. टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजच्या टोकाशी तेलकट काळा डाग, लोडवर शिट्टीसारखा आवाज आणि उशिरा येणारा पिकअप ही लक्षणं. तपासायचं असं:

१. इंजिन थंड आणि बंद. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज टर्बोपाशी आणि इंटरकूलरकडून मॅनिफोल्डला जाणारा होज मॅनिफोल्डपाशी काढा.

२. दोन्ही तोंडांना टेस्ट प्लग बसवा. एका प्लगला रेग्युलेटर, गेज आणि कॉक हवा. दोन्ही प्लग साखळीनं बांधा. सुटलेला प्लग माणसाला जायबंदी करतो, म्हणून समोर उभं राहू नका.

३. हळूहळू २ बार, म्हणजे सुमारे ३० पीएसआय, दाब भरा आणि कॉक बंद करा.

४. १५ सेकंद मोजा. बऱ्याच इंजिनांना एवढ्या वेळात ५ पीएसआयपर्यंतची घट चालते, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. घट जास्त असेल तर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधा. कूलरच्या कोपऱ्यातले वेल्डचे जोड आणि क्लॅम्पखाली कापलेले होज इथेच बहुतेक सापडतं.

टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघताना घाबरू नका. आडवा किंचित हलणं स्वाभाविक आहे, तिथे ऑइलची फिल्म असते. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका खेळ किंवा पंख्याचं पातं घराला घासल्याची चकाकी दिसली तर टर्बो गेला.

एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप पूर्ण उघडतो का ते जरूर बघा. काजळीनं तो पाऊण उघडा अडकला तरी चालकाला काही कळत नाही, गाडी फक्त ‘जड’ वाटते. फ्लॅप हलवणाऱ्या सिलिंडरचा रॉड सोडून लिव्हर हातानं फिरवून बघायला पाच मिनिटं लागतात.

थर्मोस्टॅट आणि पंखा

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा ॲव्हरेजचा जुना शत्रू. इंजिन ८५ अंशांऐवजी ६०-६५ वर चालू लागतं, ऑइल जाड राहतं, सिलिंडरच्या भिंती थंड राहतात, डिझेल नीट जळत नाही. इलेक्ट्रॉनिक इंजिनात तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, इंजिन अजून गार आहे असंच वाटत राहतं आणि तो त्या हिशोबानं इंधन देतो. गंमत म्हणजे पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि चढणीला इंजिन उलट जास्त तापतं.

थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत टांगून तपासा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८२च्या आसपास उघडायला सुरुवात व्हावी आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडावा. गार पाण्यातही फट दिसली तर बदला. मग गाडीवर, इन्फ्रारेड थर्मामीटरनं थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान घेऊन डॅशबोर्डच्या काट्याशी ताडून बघा.

आता पंखा. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगात २० किलोवॅट सहज खातो. पाव लिटरच्या हिशोबानं तासाला ५ लिटर. ट्यूनिंगच्या नावाखाली आपण नोझलमधले अर्धे-एक टक्के शोधत बसतो आणि समोर पंखा बादलीनं ओतत असतो! सकाळी सुरू केल्यावर व्हिस्कस पंखा मिनिटभर गरजतो आणि मग शांत होतो, ते ठीक. पण इंजिन ८० अंशांवर, गाडी सपाटीला, आणि पंख्याची गर्जना चालूच असेल तर पंख्याचा क्लच जाम आहे. पुढची द्विधातूची पट्टी चिखलानं माखलेली असेल तर आधी ती साफ करून बघा. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा हे पंखा सतत चालण्याचं दुसरं कारण. दोन्ही जरा सुटे करून मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन झोपतात आणि काम दुप्पट होतं.

टॅपेट

टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट जुळवणं, स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त घाईत केलं जातं. फट जास्त असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, हवा कमी भरते, टकटक ऐकू येते. फट कमी असेल तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. कम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कारण त्याची उष्णता सीटमधूनच बाहेर जायची असते. म्हणून आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसलेल्या टॅपेटची काळजी जास्त करा. ‘आवाज येतो’ म्हणून आणखी आवळणं सगळ्यात वाईट.

फटीचा आकडा रॉकर कव्हरवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. साधारण इनटेकला ०.२५ ते ०.३० मिमी, एक्झॉस्टला ०.४० ते ०.५० मिमी. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं.

सहा सिलिंडर आणि फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ धरून पद्धत अशी. जोड्या १-६, ५-२, ३-४. जोडीतल्या एका सिलिंडरचे दोन्ही रॉकर ‘ओव्हरलॅप’वर, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असताना, दुसऱ्याचे दोन्ही टॅपेट सैल असतात. ते सेट करायचे.

१. क्रँक फ्लायव्हीलच्या बाजूनं बारिंग टूलनं किंवा पुढच्या पुलीच्या बोल्टनं, इंजिन फिरतं त्याच दिशेला फिरवा.

२. ६ नंबर ओव्हरलॅपवर आणा, १ नंबरचे टॅपेट सेट करा.

३. क्रँक १२०-१२० अंश पुढे नेत क्रम असा: २ ओव्हरलॅपवर असताना ५, ४ असताना ३, १ असताना ६, ५ असताना २, ३ असताना ४.

४. फिलर गेज घातल्यावर हलकी ओढ जाणवावी. एक नंबर जाड पट्टी घातली तर ती आत जाऊ नये.

५. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि फट बदलते. आवळल्यावर गेज पुन्हा घालून बघा. बऱ्याच चुका इथेच होतात.

रॉकरच्या तोंडावर खड्डा पडला असेल तर सपाट फिलर गेज त्या खड्ड्यावर पुलासारखा बसतो आणि खरी फट त्याहून जास्त राहते. अशा रॉकरवर कितीही जपून सेटिंग केलं तरी उपयोग नाही, रॉकर बदला. एकाच टॅपेटची फट दर वेळी कमी झालेली सापडत असेल तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चालला आहे. हेड उघडण्याची तयारी ठेवा.

नोझल

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात आधी कुठला सिलिंडर कमी काम करतोय ते शोधा. आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. आवाज पडला तर सिलिंडर चालू आहे. पडला नाही तर तोच दोषी. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) हे कधीही करू नका. तिथे पाइपात हजार बारच्या पुढे दाब असतो आणि सुटलेली धार कातडीतून आत जाते. बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसते, पण ती थेट शस्त्रक्रियेची केस असते. टेस्टरवर नोझल तपासतानाही हात धारेत धरायचा नाही, कारण तेच.

नोझल टेस्टरवर चार गोष्टी बघायच्या. उघडण्याचा दाब मॅन्युअलप्रमाणे आहे का (मेकॅनिकल नोझलला बहुधा १८० ते २६० बारच्या पट्ट्यात). सगळी नोझलं एकमेकांच्या जवळ आहेत का. त्या दाबाच्या १०-२० बार खाली धरून १० सेकंद टोकाला थेंब लोंबत नाही ना. आणि सगळ्या भोकांतून सारखा, बारीक फवारा येतो का. दाब शिमनं, म्हणजे स्प्रिंगला लावायच्या पातळ चकतीनं, जुळवतात. ०.१ मिमी जाडीनं तो नोझलच्या घडणीप्रमाणे १० ते २० बारनं बदलतो, म्हणून अंदाजानं शिम टाकून मोकळं होऊ नका, पुन्हा टेस्टरला लावा. स्प्रिंग बसून दाब कमी झाला की नोझल लवकर उघडतं, थेंब मोठे पडतात आणि उशिरा जळतात.

एक बारीक गोष्ट बरीच डोकेदुखी करते: तांब्याचा वॉशर. नोझल काढताना जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहतो. वरून नवा टाकला की दोन होतात. नोझल दीड-दोन मिलिमीटर वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो वाटीच्या काठावर आपटतो. नोझल नवं, दाब बरोबर, तरी धूर आणि ॲव्हरेज दोन्ही वाईट. म्हणून टॉर्च मारून भोक बघा, जुना वॉशर हुकनं काढा, मॅन्युअलमधल्याच जाडीचा एकच नवा वॉशर घाला. क्लॅम्प दोन्ही बाजूंनी सारखा, टॉर्क पान्यानं. वाकडा आवळला तर आतली सुई अडकते.

पंप आणि टायमिंग

इंजेक्शन एक-दोन अंश उशिरा झालं तर बरंचसं डिझेल पिस्टन खाली निघाल्यावर जळतं. उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरमधून जाते. ड्राइव्हचे गिअर किंवा कपलिंग झिजलं की टायमिंग आपोआप याच बाजूला सरकतं, म्हणून जुन्या गाडीत हे तपासणं फायद्याचं. इनलाइन पंपाचं स्पिल टायमिंग असं घेतात:

१. १ नंबर कम्प्रेशनवर घ्या. खुणेच्या बराच मागे जाऊन क्रँक पुढच्या दिशेनंच खुणेकडे आणा, म्हणजे गिअरची फट हिशोबात येत नाही.

२. पंपाच्या १ नंबरचा पाइप काढा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवा, होल्डर परत लावून त्यावर वाकडी नळी बसवा.

३. स्टॉप लिव्हर चालू स्थितीत. हँड प्रायमर मारा, नळीतून धार येईल.

४. क्रँक अगदी हळू पुढे न्या. धारेचे थेंब होतील आणि थेंब थांबत येतील. तिथे थांबा आणि फ्लायव्हीलवरचा अंश वाचा. इंजेक्शनची सुरुवात तीच.

५. थेंब खुणेच्या आधी थांबले तर टायमिंग पुढे आहे, नंतर थांबले तर मागे. पंपाची बॉडी त्याच्या शाफ्टच्या उलट दिशेला फिरवली की टायमिंग पुढे येतं, शाफ्टच्या दिशेला फिरवली की मागे जातं.

६. बोल्ट आवळा, दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा तपासा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग परत घालून होल्डर टॉर्कवरच आवळा. जास्त आवळला तर बॅरल दबतो आणि रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा सरकता दांडा, जड होतो. रॅक बोटानं मोकळा सरकतो याची खात्री केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, नाहीतर ते पळत सुटेल. मग एअर काढा.

आकडा इंजिनाच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तोच ठेवा. ‘दोन अंश पुढे घेतलं की ॲव्हरेज वाढतं’ हे अर्धं खरं आहे. कधी थोडं वाढतंही. पण सिलिंडरमधला दाब चढतो, आवाज कडक होतो, हेड गॅस्केट आणि बेअरिंगवर ताण येतो आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. वाचवलेलं डिझेल एका गॅस्केटमध्ये परत जातं.

स्थिर टायमिंग बरोबर आणि तरी गाडी वेगात सुस्त असेल तर वेगानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या ॲडव्हान्स युनिटची वजनं आणि स्प्रिंग बघा. फुल-लोडचा स्क्रू, बॅरलमधला फरक आणि बूस्टनुसार, म्हणजे टर्बोच्या दाबानुसार, डिझेल देणारा डायफ्राम ही कामं टेस्ट बेंचवरचीच आहेत. गाडीवर कानानं होत नाहीत. डायफ्राम फाटलाय का एवढं मात्र गाडीवर कळतं: हँड पंपानं अर्धा बार दाब द्या, टिकला पाहिजे.

कॉमन रेल असेल तर

इथे पाना कमी आणि स्कॅनर जास्त. रात्रभर उभ्या गाडीवर इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू न करता. कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमानं दोन-तीन अंशांच्या आत सारखी दिसली पाहिजेत. एखादा सेन्सर वेगळं सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. तसंच बूस्ट सेन्सरचा निरपेक्ष दाब आणि हवामानाचा दाब इंजिन बंद असताना सारखे हवेत. काजळीनं माखलेला बूस्ट सेन्सर फॉल्ट कोड न देताही चुकीची हवा सांगत राहतो.

मग आयडलवर सिलिंडर करेक्शन वाचा. ज्याला ईसीयू बरंच जास्त डिझेल देतोय तो सिलिंडर कमजोर: इंजेक्टर कमी देतोय किंवा कम्प्रेशन कमी आहे. ज्याचं कापतोय तो इंजेक्टर जास्त ओततोय. रिटर्नची तपासणी सोपी: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळी आणि सारखी बाटली लावा, दोन मिनिटं आयडलवर चालवा. ज्याची बाटली इतरांच्या दुप्पट भरली तो झिजला.

इंजेक्टर बदलला किंवा एका सिलिंडरचा दुसऱ्यात घातला आणि त्यावर कोड असेल, तर तो कोड ईसीयूत त्या सिलिंडरसमोर भरावाच लागतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, पाण्याचा कप रोज सोडा, आणि नवा फिल्टर बाटलीतून डिझेल ओतून भरू नका. त्या डिझेलमधली धूळ थेट पंपात जाते, हँड प्रायमर त्यासाठीच असतो. काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीत रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) पूर्वीपेक्षा वारंवार होत असेल तर फिल्टरला दोष देण्याआधी बूस्टची गळती आणि थेंब सोडणारा इंजेक्टर शोधा. प्रत्येक रिजनरेशनला जादा डिझेल जळतं.

रीमॅपबद्दल, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदलण्याबद्दल, मत स्पष्ट आहे: बिघडलेल्या इंजिनावर तो करू नये, आणि धड इंजिनात त्यातून मिळणारा फायदा जाहिरातीपेक्षा फार लहान असतो. रेल प्रेशर सेन्सरला फसवणाऱ्या डब्यांचं तर सोडूनच द्या. ईसीयूला दाब कमी आहे असं सांगून ते जास्त डिझेल सोडायला लावतात. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज ईसीयूच्या हिशोबातून येतं, त्यामुळे तिथे आकडा सुधारलेला दिसतो आणि टाकी तेवढीच रिकामी होते. धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकणं अनेक देशांत गुन्हा आहे. त्यापेक्षा ईसीयूतल्या अधिकृत सेटिंग वापरा: वेगमर्यादा, आयडलवर आपोआप बंद होण्याची वेळ, टायरचा खरा आकार.

इंजिनाबाहेर जाणारं डिझेल

ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून हब एकेक करून इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा. एखादा इतरांपेक्षा बराच गरम असेल तर ड्रम घासतोय किंवा बेअरिंग आवळलंय. टायरची हवा थंड असताना, दर आठवड्याला, जोडीच्या आतल्या टायरचीही. ब्रेकच्या हवेची गळती काढा, कारण गळती असली की कॉम्प्रेसर सतत लोडवर राहतो. उभ्या गाडीत आयडलवर मोठं इंजिन तासाला २ ते ४ लिटर घेतं. चालकाला टॅकोमीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या खालच्या भागात, वरच्या गिअरमध्ये चालवायला सांगा. जास्त आरपीएमवर तेवढ्याच ताकदीला घर्षण जास्त द्यावं लागतं.

तरी आकडा हलत नसेल

मग कम्प्रेशन मोजा. गरम इंजिन, चार्ज बॅटरी, सगळी नोझलं काढलेली, डिझेल बंद. बऱ्याच इंजिनांत २५ ते ३० बार येतो, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या आत असावा. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये ऑइल ओतून दुसरं रीडिंग घेऊ नका. डिझेलच्या कम्प्रेशनमध्ये ते ऑइल पेटू शकतं. त्याऐवजी कमी आलेला सिलिंडर कम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे) आणा, गिअर आणि हँडब्रेक लावून क्रँक अडवा, नोझलच्या भोकातून ५-६ बार हवा सोडा आणि कान लावा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा आणि लायनर, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.